पोलक्याची दुसरी बाही

आपली गोष्ट मासिकात छापून आणली असा आळ एखाद्यावर घ्यायचा, तर त्या माणसाला निदान धड लिहिता तरी यायला हवं, एवढी अक्कल मला तरुणपणी नव्हती. मी मॅट्रिक पास होते, वर्ध्याच्या मास्तरांची मुलगी होते, आणि सासरी वर्तमानपत्र वाचणारी एकटीच बाई होते. म्हणजे मूर्खपणा करायला लागणारं सगळं शिक्षण माझ्याजवळ होतं. माझ्या थोरल्या जाऊबाई, सिंधूबाई, काटोलकडच्या शेतकऱ्याघरच्या. तिसरीपर्यंत शिकलेल्या, ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. तरी त्यांनी माझी फजिती अख्ख्या महाराष्ट्राला सांगितली असं मी ठरवून टाकलं, आणि त्यांच्याशी बोलणं सोडलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांचा धाकटा, विजू, लुनावरून आला. गाडी चालूच ठेवून फाटकाशी उभा राहिला. "काकू, आई गेली." मी म्हणाले, "गाडी बंद कर आधी, पेट्रोल जळतंय." अशा वेळी तोंडातून काय निघेल याचा भरवसा नसतो... मग साडी बदलायला आत गेले. पोलक्याच्या एका बाहीत हात घातला आणि पुढचं काही सुचेना. दुसरी बाही पाठीवर लोंबत राहिली आणि मी पलंगावर तशीच बसले. बाहेरून हे विचारत होते, "रिक्षा आणू का? रिक्षा आणू का गं?" आत यायला हवं होतं कुणीतरी. पण अशा वेळी ज्या आत यायच्या, त्यांच्याच घरी मला जायचं होतं.

हे बाहीचं प्रकरण नीट सांगायचं तर मला लकडगंजला जावं लागेल. साठ सालच्या आसपास आम्ही तिथे लाकूड कापायच्या आरा मशीनच्या मागे राहत होतो. दोघं भाऊ त्याच लाकडाच्या टालीवर कामाला. सकाळी आरा सुरू झाला की तो भिंतीतून, भांड्यांतून, माणसाच्या दाढांतून फिरायचा. भुसा सगळीकडे. दुधाच्या सायीवर भुसा, देवाच्या नाकावर भुसा. पावसाळ्याच्या शेवटी माझी मंजू वर्ध्याला झाली आणि थंडी पडली तशी मी तिला घेऊन सासरी आले. तिच्या टाळूवरही भुशाचा पातळ थर बसायचा. मला तो दिसायचा. पण तो पुसायचा असतो, हे हातापर्यंत पोचायचं नाही.

मला काय होत होतं ते आज सांगताना शब्द सापडतात, तेव्हा एकही नव्हता. दुखत काहीच नव्हतं. ताप नव्हता. पोरगी रडली की वाटायचं, शेजारचं कुणाचं तरी मूल रडतंय, घेईल त्याची आई. दूध उतू जाताना मी समोर बसून बघायची, आणि ते उतू जातंय यात आपला काही संबंध आहे असं वाटायचं नाही. न्हाणीघरात जाऊन बादलीत नळ सोडायची, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जाऊ नये. पण नळ सोडल्यावर रडूही यायचं नाही, नुसती बादली भरून वाहायची. घरातल्या प्रत्येकाजवळ याचं एकेक नाव होतं. सासूबाई म्हणायच्या माजली आहे. शेजारीण म्हणायची बाहेरचं काही लागलंय. हे म्हणाले, ऊन लागलं असेल. पौषात! मी मात्र सगळ्यात सोपं नाव धरून बसले होते... मी वाईट बाई आहे, बाकी काही नाही.

एका दुपारी सिंधूबाई आतल्या खोलीत बेसनाचा डबा घ्यायला आल्या. मी आंघोळ करून, पोलक्याच्या एका बाहीत हात घालून बसले होते. किती वेळ बसले होते कोण जाणे, केस वाळून गेले होते. दुसरी बाही घालायला जे लागतं ते माझ्याजवळ उरलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. "वर कर हात," म्हणाल्या. लहान पोराला घालतात तसा माझा हात बाहीत घातला, गुंड्या लावल्या, पदर खांद्यावर टाकला, आणि डबा न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांना मिठाची बरणी हवी होती. तिसऱ्या दिवशी पाटा. आतल्या खोलीत पाटा नव्हताच, पण मी तरी कुठे सांगणार होते!

आमच्या गल्लीत सगळ्या घरांत मिळून एकच दिवाळी अंक यायचा. घराघरांतून फिरत आमच्या टोकाच्या घरी पोचेपर्यंत संक्रांत यायची आणि अंकाची पार लक्तरं झालेली असायची. त्या वर्षी त्यातल्या एका कथेचं पहिलं पान कुणीतरी चिवडा बांधायला नेलं होतं. त्यामुळे कथेचं नाव काय, लिहिणारी बाई की पुरुष, मला आजतागायत ठाऊक नाही. वाक्याच्या मधूनच सुरुवात होती. एक बाई होती, नुकतीच बाळंत झालेली. तिच्या कानाला तिचं मूल शेजारच्या घरात रडत होतं. तिचं दूध उतू जात होतं. आणि दुसऱ्याच पानावर ती बाई पोलक्याच्या एका बाहीत हात घालून, दुसरी पाठीवर टाकून, संध्याकाळपर्यंत बसून राहिली होती.

तोवर मी वाचलेल्या कादंबऱ्यांत दोन प्रकारच्या बायका असायच्या. एक, मूल मांडीवर घेऊन अंगाई गाणाऱ्या. दुसऱ्या वेड्या, त्या केस मोकळे सोडून खदाखदा हसायच्या, बांगड्या फोडायच्या, माडीवरून धावायच्या. मला पहिली होता येत नव्हतं, आणि दुसरीचा तर उत्साह बघूनच धाप लागायची. मी कुठेच नव्हते. आणि आता इथे, चिवड्याच्या तेलाचे डाग पडलेल्या कागदावर, मी अख्खीच्या अख्खी बसलेली. पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, छापलंय म्हणजे हे होत असतं. माणसांना होत असतं. दोन-चार श्वास मी अगदी नीट घेतले... आणि मग घाबरले. कारण त्या बाहीचं माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं.

मग मी मॅट्रिकची सगळी बुद्धी पणाला लावून तपास केला. सिंधूबाईंचा भाऊ सीताबर्डीला छापखान्यात खिळे जुळवायचा. झालं! बहिणीनं भावाला सांगितलं, भावानं छापखान्यात, छापखान्यानं मासिकाला. दिवाळी अंक दिवाळीला निघतो आणि माझी बाही त्यांनी पाहिली पौषात, हा हिशेब करावा असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शिवाय त्यांना दोन मुलगे, मुलीची हौस राहिलेली. त्यातच एका संध्याकाळी सासूबाई माझ्या दिरांना सांगताना मी पडद्याआडून ऐकलं, "संक्रांतीले बाया येतीन, थ्याइच्यासमोर काई बोलू नका. सन झाला का हिले पागलखान्यात दाखवून द्या. ठेवत असन तर ठेवून घेऊ द्या. पोट्टी सिंधूजवळ राहीन." गंमत बघा, जी पोरगी मला परकी वाटत होती, ती नेणार म्हटल्यावर छातीत कळ आली. तेवढी एकच जागा माझ्यात जिवंत उरली होती, आणि तीही सिंधूबाई उचलून नेणार असं मला वाटलं.

मी बोलणं टाकलं. पोळीचं ताट त्यांच्या हातून घेईना. दुपारी त्या आतल्या खोलीत आल्या की दाराला कडी. मग बाही तशीच लोंबत राहायची, पण मान राखला याचं समाधान! शेवटी एकदा नळावर दोघीच होतो तेव्हा मला राहवलं नाही.

"सांगितलंत ना तुमच्या भावाला?"

"काय सांगतलं?"

"माझं. पोलक्याचं. छापून आलंय त्या अंकात."

सिंधूबाईंनी कळशी नळाखाली ठेवली. "नले," त्या म्हणाल्या, "थे तुह्यं हाये?"

"मग कुणाचं?"

"मले वाटलं माह्यं हाये."

मला काही कळेना. त्यांनीच सांगितलं. त्यांचा थोरला झाला तेव्हा त्या सहा महिने अशाच बसून होत्या. हे सासूबाईंनी मला सांगितलं असणार, आणि मी शिकलेली, मी ते मीठमिरची लावून लिहून पाठवलं, असं त्यांनी ठरवलं होतं. अंक माझ्याआधी त्यांनी वाचला होता, बोट ठेवून, चार दुपारी खर्चून. "म्हनून मी बी तुह्याशी बोलत नवती," त्या म्हणाल्या. आणि मी मूर्ख समजत होते की अबोला मी धरलाय! "अन् माह्या भावाचं म्हनशीन तर तो लग्नाच्या पत्रिका छापते वं. सौभाग्यकांक्षिनी जुळवता जुळवता त्याले घाम येते. थो काय कथा छापन?"

आम्ही हसलो. कळशी भरून वाहत होती आणि आम्ही नळाच्या ओट्याला धरून हसत होतो. मंजू झाल्यापासून मी पहिल्यांदा हसले असेन, घशाला दुखलं. मग मी विचारलं, "तुम्हाला कुणी घातली बाही?"

"मले कोन घालन? तवा या घरात मी एकलीच सून." त्यांनी कळशी उचलली. "बसली होती तशीच. रोज बसो. मंग एक दिवस आपल्याच हातानं घातली."

पुढचं त्यांनी मला विचारून केलं नाही. संक्रांत दोन दिवसांवर आली होती. दुपारच्या उन्हात अंगणात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो, सोलेभात करायचा होता. सासूबाई, शेजारच्या दोघी, मी, आणि टोपलीत मंजू. अशा वेळी वाचून दाखवायचं काम माझं असायचं, पण मी कधीपासून वाचेनाशी झाले होते. सिंधूबाईंनी हात पुसले आणि अंक काढला. "आज मी वाचतो."

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "मंग उन्हायापर्यंत आयकू."

त्या वाचू लागल्या. एकेक अक्षर खड्यासारखं उचलून. सुरुवातीला सासूबाई करवादल्या, "कोन वं थे आळशी? उठून दूध उतरवाले काय झालं तिले?" मग बाहीचं पान आलं. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. शेजारच्या दोघींमधली एक उगाच टोपलीतल्या मंजूचं पांघरूण सारखं करू लागली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझं सगळं लक्ष पुढे येणाऱ्या पानावर होतं, कारण मला शेवट ठाऊक होता. शेवटी ती बाई मूल शेजारणीकडे देते, पाणी आणते म्हणून सांगते, आणि विहिरीच्या काठावर फक्त बादली सापडते. एवढंच. फार सुंदर लिहिलं होतं, हे मी आजही म्हणेन. आमच्याकडेही परसात विहीर होती. तो शेवट वाचल्यापासून मी त्या विहिरीकडे, आपलं जायचं ठिकाण ठरलंय अशा नजरेनं बघायला लागले होते. कथेनं मला पहिल्यांदा ओळखलं होतं ना, मग कथा सांगेल ते खरं, असं काहीतरी.

सिंधूबाई त्या पानावर आल्या. बोट थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदात पाहिलं, आणि एकदम घडाघडा वाचायला लागल्या. बोट नाही, अडखळणं नाही. इतका वेळ छापील, शुद्ध बोलणाऱ्या त्या कथेत अचानक आमच्या घरची बोली आली. "मंग तिची जाऊ आली अन् म्हने, वर कर हात. तिनं हात वर केला. जावेनं बाही घातली, गुंड्या लावल्या. दुसऱ्या दिवशी बी आली. तिसऱ्या दिवशी बी आली. पोट्टी तिच्याजवळच ठेवली, न्हाऊ घालाले जाऊ होती. अन् घरच्याईनं तिले कोठं नाई धाडलं. डॉक्टरले दाखवलं, साध्या. जाऊ गेली संगं."

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "मंग? बरी झाली का थे?"

"लगेच नाई झाली," सिंधूबाई अंकात बघत म्हणाल्या. "पन राह्यली घरातच."

सासूबाईंनी शेंगांचं सूप झटकलं, पुन्हा झटकलं. मग म्हणाल्या, "मोठा आला तवा तू बी अशीच होती न वं सिंधू." सिंधूबाईंनी अंक मिटला. संक्रांत झाली, बायका येऊन वाण लुटून गेल्या, आणि पागलखान्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या आणि लाल रंगाचं टॉनिक दिलं. सिंधूबाई संगं आल्या होत्या. चैत्रात कधीतरी एका सकाळी मी मंजूच्या टाळूवरचा भुसा पुसला, आणि पुसल्यावर लक्षात आलं की पुसला. चमत्कार वगैरे काही नाही. ते पुढेही दोन-तीनदा येऊन गेलं, आगंतुकासारखं, चपला दारात काढून.

पुढे आरा मशीन बंद झाली, भाऊ वेगळे झाले, सिंधूबाई प्रताप नगरला मुलाच्या घरी राहायला गेल्या. आणि मंजू बाळंतपणाला माझ्याकडे आली. दीडेक महिन्यानं एका दुपारी मी खोलीत गेले तर पोरगं रडतंय आणि ती भिंतीकडे बघत बसलेली. मी काय केलं असेल? मी, जिनं हे सगळं भोगलं होतं? मी म्हणाले, "देवाचं नाव घे, उठ, कामाला लाग म्हणजे बरं वाटेल." डिट्टो सासूबाई! हे सिंधूबाईंना कळलं तशा त्या बस बदलून आल्या. पिशवीतून खाकी कागदात गुंडाळलेला तो अंक काढला आणि मंजूपुढे टाकून स्वयंपाकघरात चहा मांडायला गेल्या. मंजूनं वाचलं. "आई, ही तर मी आहे," ती म्हणाली, आणि खरं सांगते, मला क्षणभर रागच आला. इतकी वर्षं ती मी होते! मग ती म्हणाली, "पण शेवटचं पान कुठाय?" पहिलं पान चिवड्यात गेलेलं, आणि शेवटचं सिंधूबाईंनी त्या पौषातच चुलीत घातलेलं. त्यांनी स्वयंपाकघरातूनच शेवट सांगितला, शब्द न् शब्द तोच. मंजूच्या वेळेपर्यंत डॉक्टरांजवळ या आजाराला नाव होतं, औषधं होती. नावानं बरं वाटतं. पण तिनं डॉक्टरकडे यायला हो म्हटलं ते त्या दुपारी.

एवढं सगळं गोड झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. दीर वारले आणि मागल्या वर्षी सिंधूबाईच बसल्या. प्रताप नगरच्या खोलीत, खिडकीपाशी. बोलणं कमी, मग नाहीच. मी बसनं जायची, आठवड्यातून जमेल तशी. विजूची बायको म्हणायची, "काकू, तुम्ही आल्या की आई थोडं खातात." खोटं बोलायची बिचारी. मी विचारायची, "वर करता का हात?" कधी करायच्या. कधी माझ्याकडे बघायच्या, त्या पौषातल्या माझ्यासारख्या, भिंतीतून बघतात तशा. शेवटच्या भेटीत त्यांनी हात वर केला नाही. मीच उचलला, तो फार हलका झाला होता. बाही घातली, गुंड्या लावल्या, आणि सिंधूबाई गुंड्यांकडे बघत राहिल्या, कुणाच्या आहेत म्हणून. घरी येताना बसमध्ये मी मनातल्या मनात नवा शेवट रचून पाहिला. जमला नाही. मॅट्रिकच्या बाईला जमत नाही ते काम.

तेराव्यानंतर विजूनं मला तो अंक दिला. आता तो माझ्या कपाटात, पोलक्यांच्या घडीखाली असतो. ना सुरुवात ना शेवट, मधलीच काही पानं. मंजू म्हणते त्याला कव्हर घाल. मी घालत नाही. कपाट उघडलं की आरा मशीनचा वास येतो, निदान मला येतो... आणि ती पौषातली संध्याकाळ येते. बायका निघून गेल्या होत्या, सासूबाई दिवा लावायला आत गेल्या होत्या, आणि आम्ही दोघी अंगणातली टरफलं गोळा करत होतो. मी हळूच म्हणाले, "कथेचा शेवट तसा नव्हता. तुम्ही खोटं का वाचलंत?" सिंधूबाईंनी टरफलांची मूठ सुपात टाकली, हात झटकले, आणि म्हणाल्या,

"खोटं काहून वं? लिहिनाऱ्याले जाऊ नसन."